जिल्हा परिषद शाळांतील शिस्त आणि मुलांची सुरक्षितता : सातारा जिल्ह्यातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांत मुले पाठवणाऱ्या पालकांकडून, शाळा व्यवस्थापन समितीच्या नव्या सदस्यांकडून आणि कधी कधी नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रस्तुत लेखकाने याच जिल्ह्यात आधी शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून काम केले आहे. त्यामुळे नियम काय आहे एवढ्यावर न थांबता, तो शाळेत प्रत्यक्ष कसा पाळला जातो आणि कोठे अडतो, हेही गरज वाटली तेथे सांगितले आहे. शिस्त आणि सुरक्षितता हे दोन विषय मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण मार बसेल या धास्तीने गप्प राहायला शिकलेले मूल धोक्याच्या वेळीही गप्पच राहते, हे अनेकदा पाहण्यात आले आहे.

शिक्षकांनी मुलाला मारणे कायद्याने पूर्णपणे बंद आहे का?

होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. ‘थोडेसे’, ‘शिकवण्यासाठी’ किंवा ‘रागाच्या भरात’ असा कोणताही अपवाद त्या कलमात नाही. त्याचा भंग करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते आणि मुलाला इजा झाली असल्यास पोलिसांत गुन्हाही नोंदवता येतो. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मुलाची जबाबदारी ज्या व्यक्तीवर आहे तिनेच त्याला मारहाण केली किंवा विनाकारण यातना दिल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आम्ही स्वतःच गुरुजींना ‘मारलंत तरी चालेल, पण पोराला वळण लावा’ असे सांगितले असेल तर?

तरीही शिक्षकाला मारता येत नाही. हक्क मुलाचा आहे, त्यामुळे तो सोडून देण्याचा अधिकार पालकांनाही नाही. हे वाक्य पालक विश्वासाने बोलतात, याची लेखकाला पूर्ण जाणीव आहे. दिवसभर रानात राबणाऱ्या आई-वडिलांना आपले मूल हाताबाहेर जाऊ नये एवढेच वाटत असते आणि गुरुजी त्याचे वाईट करणार नाहीत याची खात्री असते. पण छडीचा मुलावर नेमका काय परिणाम होतो, याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही.

पाटण तालुक्यात डोंगराकडेला असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत चेंडू आणायला शौचालयामागच्या गवतात गेला आणि त्याच्या घोट्याला काहीतरी चावले. त्या गवतात जायचे नाही असा शाळेचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याला हातावर छड्या बसत. सुट्टी संपल्यावर तो मुलगा मुकाट्याने आपल्या बस्करावर येऊन बसला, चावलेला पाय त्याने मांडीखाली दुमडून घेतला आणि पाऊण तास गणिते उतरवून घेत राहिला. घोट्याची सूज चड्डीच्या काठापर्यंत चढली तेव्हा शेजारच्या मुलीने बाईंना सांगितले. साप घोणस होता. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष वेळेत मिळाले म्हणून मुलगा वाचला. गवतात न जाण्याचा नियम अगदी योग्य होता आणि तो करणारे शिक्षकही तळमळीचे होते, पण तो छडीने शिकवल्यामुळे मुलाला सापापेक्षा शिक्षकांची भीती अधिक वाटली. त्या शाळेत त्यानंतर छडी कधीही उचलली गेली नाही आणि गवत दर पंधरा दिवसांनी काढले जाऊ लागले.

उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, वर्गाबाहेर उभे करणे यालाही शिक्षा म्हणायचे का?

म्हणायचे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत केवळ मारणे नव्हे, तर गुडघ्यांवर बसवणे, कान धरून उभे करणे, मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, खोलीत कोंडणे अशा सर्व प्रकारांचा शारीरिक शिक्षेत समावेश केलेला आहे. मुलाच्या घरच्या गरिबीवरून, दिसण्यावरून, आई-वडिलांच्या कामावरून टोचून बोलणे, सर्वांसमोर ‘ढ’ म्हणून हिणवणे हा मानसिक छळ आहे. जात, धर्म, लिंग किंवा अपंगत्व यांवरून मुलाला वेगळे बसवणे, शौचालय साफ करण्याचे काम ठरावीक मुलांनाच सांगणे हा भेदभावही याच सूचनांत स्वतंत्रपणे मोडतो.

या शेवटच्या मुद्द्याचे साताऱ्याला विशेष भान असले पाहिजे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ज्या शाळेच्या पटावर दाखल झाले, ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून साताऱ्यातच उभी आहे आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. इतर मुलांपासून दूर बसवले जाण्याचा अनुभव त्यांच्या वाट्याला शालेय वयातच आला. विद्यार्थी दिवसाच्या भाषणांबरोबर आपल्या शाळेत पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोठे बसते, याकडेही मुख्याध्यापकांनी लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

मारायचे नाही, ओरडायचे नाही, मग वर्गाला शिस्त लावायची कशी?

हा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो रास्त आहे. एकाच शिक्षकाला दोन-दोन, कधी चार-चार इयत्ता सांभाळाव्या लागतात, त्यातच माहिती भरण्याची कामे येतात आणि अशा वेळी आवाज चढतो. मात्र ज्या शाळांत शिस्त खरोखर दिसते, तेथे तीन-चार गोष्टी सारख्या आढळल्या. पहिली म्हणजे नियम थोडे असतात आणि ते मुलांबरोबर बसून ठरवलेले असतात. जावळीच्या खोऱ्यातील एका शाळेत चौथीच्या मुलांनी स्वतः सुचवलेले पाच नियम खडूने दारावर लिहिलेले होते आणि त्यांतला पहिला ‘कोणी पडले तर हसायचे नाही’ हा होता. मोठ्या माणसाला तो सुचला नसता.

दुसरी गोष्ट अशी की चुकीचा परिणाम चुकीशी जोडलेला असतो. ज्याने पाणी सांडले त्याने पुसावे, ज्याने वही फाडली त्याने ती चिकटवून द्यावी, ज्याने खेळात मारामारी केली त्याने त्या दिवशी पंच व्हावे. अशा परिणामातून मुलाला आपल्या कृतीचा अर्थ कळतो. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला दहा फेऱ्या, यात गृहपाठाचा आणि फेऱ्यांचा काही संबंध नसतो आणि मुलाला खेळाचाच कंटाळा येऊ लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे वारंवार चुकणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन येणे. एरवी शांत असलेले मूल अचानक दंगा करू लागते तेव्हा घरी भांडण, आजारपण, दारू किंवा कर्ज यांपैकी काहीतरी असते, किंवा मुलाला फळ्यावरचे दिसत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्या वेळी ‘त्रास देणाऱ्या’ मुलांचे डोळे आणि कान आवर्जून तपासून घ्यावेत. निव्वळ चष्मा मिळाल्यावर सुधारलेली मुले लेखकाने पाहिली आहेत.

याने प्रत्येक मूल सुधारते असा दावा नाही. काही मुलांना समुपदेशकाची गरज असते. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि शिक्षकांनी स्वतःसाठीही ती वापरण्यात काही कमीपणा नाही.

‘दाखला हातात देऊ’ अशी धमकी मिळाली, तर मुलाला खरोखर काढून टाकता येते का?

पहिली ते आठवीपर्यंत काढता येत नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून निष्कासित करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत व त्यानंतरच्या पुनर्परीक्षेतही मूल उत्तीर्ण झाले नाही, तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते, पण शाळेबाहेर काढण्याची मनाई तशीच आहे. नववी-दहावीला हे संरक्षण लागू नाही. तेथे माध्यमिक शाळा संहितेनुसार कारवाई होऊ शकते, मात्र कारवाईपूर्वी मुलाचे आणि पालकांचे म्हणणे ऐकून घेणे हे न्यायाचे साधे तत्त्व तेथेही सुटत नाही. पालकांनी स्वतः दाखला मागितला, तर मुख्याध्यापकांनी तो विनाविलंब दिला पाहिजे. ‘तुम्हीच अर्ज करा’ असे सांगून पालकांकडून दाखल्याचा अर्ज लिहून घेणे हा काढून टाकण्याचाच आडमार्ग आहे. अशा अर्जावर सही करू नये.

उशिरा आल्याबद्दल किंवा गणवेश नसल्याबद्दल दंड घेता येतो का? केस कापण्याचे काय?

दंड घेता येत नाही, कारण प्राथमिक शिक्षण मोफत आहे. गणवेश नाही म्हणून वर्गात बसू न देणे चुकीचे आहे. केस नीट ठेवायला सांगणे ठीक, पण शाळेत कात्री घेऊन सर्वांसमोर कापणे हा छळ आहे.

मोबाईल शाळेत आणला तर शाळेने तो जप्त करावा का?

मोबाईल आणू नये असा नियम शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून लावावा आणि शाळा सुरू होतानाच पालकांना लेखी कळवावा. आणलेला मोबाईल कार्यालयात ठेवून त्याच दिवशी पालकांच्या हाती परत द्यावा. तो फोडणे, महिनाभर ठेवून घेणे किंवा त्यातील संदेश सर्वांसमोर वाचून दाखवणे हे शाळेच्या अधिकारात बसत नाही. शिक्षकांनीही वर्गातल्या मुलाचे रडणे, अडखळत वाचणे किंवा चुकीचे उत्तर यांची चित्रफीत काढून समाजमाध्यमावर टाकू नये. हसण्यासाठी म्हणून फिरवलेली अशी चित्रफीत त्या मुलाच्या गावात वर्षानुवर्षे फिरत राहते.

मुलेच एकमेकांना मारतात, चिडवतात. त्यात शाळेची जबाबदारी किती?

शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या आवारात ती पूर्णपणे शाळेची आहे. ‘पोरांची भांडणं पोरांत मिटतात’ हे सारख्या ताकदीच्या दोघांबद्दल खरे असेल. पण सातवीतला मुलगा दुसरीतल्या मुलाचा खाऊ रोज काढून घेत असेल, किंवा एका मुलीला पाच जणी मिळून आठवडाभर वाळीत टाकत असतील, तर ते भांडण नव्हे.

आपल्याकडे याचा सर्वाधिक त्रास ऊसतोड कामगारांच्या मुलांना होतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले की बीडकडची कुटुंबे कोपींमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहायला येतात आणि त्यांची मुले अर्ध्या वर्षात नव्या वर्गात बसतात. जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेची कागदपत्रे नाहीत म्हणून त्यांना प्रवेश नाकारता येत नाही, हे बहुतेक शाळांना माहीत आहे. परंतु त्यांच्या बोलीची नक्कल, कपड्यांवरून टोमणे आणि काही हरवले की पहिला संशय त्यांच्यावर, हे प्रकार थांबवणे शिक्षकाच्याच हातात असते. कोरेगाव तालुक्यातील एका बाईंनी अशा मुलांना पहिल्या दिवशी वर्गाला ऊस कसा मोळीत बांधतात हे दाखवायला सांगितले. त्या वर्गात पुढे टोमणे ऐकू आले नाहीत.

मुलाने किंवा मुलीने शाळेत कोणी नको तिथे हात लावल्याचे सांगितले, तर पालकांनी आणि शाळेने नेमके काय करावे?

प्रथम मुलाचे शांतपणे ऐकावे. ‘तू तिथे गेलीसच कशाला’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे प्रश्न त्या क्षणी तोंडातून निघू देऊ नयेत. मुलाच्याच शब्दांत ऐकावे, त्याला शब्द सुचवू नयेत आणि पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नये. मुलाचे त्या वेळचे कपडे धुवू नयेत.

त्यानंतर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजे ज्याला सर्वजण पोक्सो म्हणून ओळखतात, त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्या कोणाला समजते, त्याने स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती दिलीच पाहिजे. न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीबद्दल माहिती न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘आधी आमची चौकशी करू, खरे निघाले तर बघू’ असे म्हणण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही. खरे-खोटे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. सद्हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी ती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

पोलीस ठाण्याची पायरी चढायची या विचाराने पालक मागे हटतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाव टाकणाऱ्या हितचिंतकानेही हे ध्यानात ठेवावे. कोणताही मार्ग सुचत नसेल तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, तातडीच्या वेळी ११२ आहेच.

गावातील चार मोठी माणसे बसवून, माफी मागायला लावून किंवा पैसे देऊन प्रकरण ‘मिटवणे’ हा प्रकार आजही घडतो. तो कायद्याविरुद्ध आहे, आणि त्या बैठकीतून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच आवारात येतो, हे त्या मुलाला रोज पाहावे लागते.

सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी यांचा खरोखर उपयोग होतो का?

शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणाऱ्या सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्ये झाला. ज्या सावित्रीबाईंच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांचे जन्मगाव नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराची घटना उघड झाल्यावर राज्य शासनाने कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि या समित्या यांबाबत पुन्हा सक्त आदेश काढले आणि असा प्रकार समजताच चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले.

उपयोग मात्र अंमलावर ठरतो. तपासणीच्या वेळी लेखकाला एका शाळेत तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या बरोबर मागे, साडेपाच फूट उंचीवर टांगलेली दिसली. तिला कुलूप होते, पण किल्ली कोणाला ठाऊक नव्हती. पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर आणि मोठ्यांची नजर सतत नसेल अशा जागी, म्हणजे पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या व्हरांड्यात, ती लावावी. आठवड्यातून एकदा पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधींसमोर ती उघडावी आणि लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी चित्र काढून टाकण्याची मुभा ठेवावी. पेटी सहा महिने रिकामी निघत असेल, तर सर्व आलबेल आहे असे समजण्याऐवजी मुलांना तिचा विश्वास वाटत नाही असे समजावे.

शाळेच्या वाटेवरच्या धोक्यांबद्दल काय करता येईल?

आपल्याकडे या वाटा ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे धावत मुले ऊस ओढतात. चालकाला मागचे काहीच दिसत नाही, आणि ऊस ओढताना पाय घसरला तर मूल मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली जाते. हे परिपाठात एकदा सांगून भागत नाही. शाळा सुटताना रस्त्यावर एक शिक्षक आणि एक पालक उभे राहण्याची पाळी लावलेल्या गावांत हा प्रकार थांबला आहे.

कराड आणि पाटणच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. मुलांनी एकेकटे न जाता घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे, उसाच्या कडेला खाली बसू नये आणि बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. ठसे किंवा शिकार दिसल्यास वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

वडापमध्ये, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये, मागच्या पायरीवर लोंबकळत मुले पाठवण्यापेक्षा एसटीची वेळ शाळेला जुळवून घेण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने आगाराला ठरावासह पत्र द्यावे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. आठवी-नववीच्या मुलाला दुचाकी देणाऱ्या पालकांनी हे जाणून घ्यावे की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शाळेची इमारत जुनी आहे. पावसाळा आणि भूकंप यांच्या दृष्टीने काय पाहावे?

जून उजाडण्यापूर्वी समितीने मुख्याध्यापकांबरोबर शाळेला एक फेरी मारावी: फुटकी कौले, गंजलेले पत्रे, भिंतीला पडलेली तिरकी भेग, उघडी वायर, विहीर किंवा टाकीचे झाकण. वापरण्यास धोकादायक ठरलेल्या खोलीचे निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ती अधिकृतपणे मोडीत काढली जाईपर्यंत, तिला कुलूप लावावे आणि मुलांना देवळात किंवा समाजमंदिरात बसवावे. गैरसोय होते, पण छत पडण्याची वाट पाहण्यात काही शहाणपण नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळांनी अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी सुट्टीच्या आदेशाची वाट न पाहता गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून निर्णय घ्यावा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अजून घरोघरी सांगितला जातो आणि त्या परिसरात आजही लहान धक्के बसतात. भूकंपाच्या वेळी टेबलाखाली बसा, असे प्रत्येक पत्रकात छापलेले असते. पण आपल्या कितीतरी प्राथमिक शाळांत मुले जमिनीवर बसतात, तेथे टेबल एकच असते आणि तेही शिक्षकांचे. अशा वर्गात मुलांना दप्तर डोक्यावर धरून, खिडकी आणि कपाटापासून दूर गुडघ्यांत मान घालून बसायला आणि हादरा थांबताच रांगेने मैदानात जायला शिकवावे. वर्षातून दोनदा याचा सराव घ्यावा. कौलारू शाळेत दाराच्या वरची कौले आधी घसरतात, म्हणून दारात थांबायचे नाही, हेही सांगावे.

साप चावल्यास मुलाला चालवू नये, चावलेला अवयव हलू देऊ नये, जखम कापू किंवा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप शोधण्यात वेळ घालवू नये.

पोषण आहाराची सुरक्षितता कोणी पाहायची?

मुलांना वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखणे आवश्यक आहे आणि त्याची नोंद वहीत रोज व्हावी, महिन्याच्या शेवटी एकदम नव्हे. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून ९४ मुले दगावली. स्वयंपाकाची शेड वर्गापासून वेगळी असावी, गॅसची टाकी बाहेर असावी, आणि वर्गाचे दार बाहेरून कडी लावून कधीही बंद करू नये.

शाळेजवळच्या टपरीवर मावा आणि गुटखा मिळतो. तक्रार कोठे करावी?

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, अठरा वर्षांखालील मुलाला ते कोठेही विकता येत नाहीत आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे या दोघांना लेखी अर्ज द्यावा. टपरीवाला गावातलाच, बहुधा नात्यातला असतो, म्हणून अर्ज एका पालकाच्या नावाने न देता समितीच्या ठरावाने द्यावा.

मुलाला अपघात झाला तर शासनाकडून मदत मिळते का?

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख रुपये, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावून कायमचे अपंगत्व आल्यास एक लाख रुपये अशी मदत पालकांना मिळते. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. कोणतीही रक्कम मुलाची भरपाई करू शकत नाही, तरीही कागदपत्रांअभावी ती बुडू नये म्हणून पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.

तक्रार नेमकी कोणाकडे करायची, आणि केली तर मुलावर राग निघणार नाही का?

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना द्यावा. या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे ती आपलीच आहे. तेथे दाद न मिळाल्यास केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि शेवटी कोल्हापूरचे शिक्षण उपसंचालक असा क्रम आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. लैंगिक गुन्हा किंवा गंभीर मारहाण असेल तर हा क्रम पाळण्याची गरज नाही, सरळ पोलिसांकडे जावे.

राग निघेल ही भीती निराधार नाही. तक्रार केलेल्या पालकाच्या मुलाला वही तपासायला शेवटी बोलावणे, स्नेहसंमेलनातून वगळणे असे प्रकार लेखकाने पाहिले आहेत. हाही मानसिक छळच आहे आणि त्यावर स्वतंत्र तक्रार होऊ शकते. म्हणून अर्ज तोंडी न करता लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शाळेचा शिक्का घेऊन पोच घ्यावी, समितीच्या बैठकीत तो विषय मांडून प्रोसिडिंग वहीत नोंद झाल्याची खात्री करावी आणि आणखी दोन-तीन पालकांना बरोबर घ्यावे. पोच मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड ज्या पिशवीत ठेवले आहे, त्याच पिशवीत ठेवावी. लागेल तेव्हा ती शोधावी लागणार नाही.